सूचौच्या बाजारात ‘हो’ मिळत नाही

लिफ्टचं दार उघडलं. आत एक तरुण आई आणि तिचा तीन-साडेतीन वर्षांचा गुटगुटीत मुलगा. आईने त्याला हळूच ढोसलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि तो पठ्ठ्या माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाला, ‘‘नाय-नाय!’’

मी चपापून दोन पावलं मागे सरले. म्हटलं, मी आत यायला नको आहे वाटतं ह्याला. दार मिटलं, लिफ्ट गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या बागेत एका चिमुरडीने अगदी तेच केलं; वर तिच्या आईने कौतुकाने तिची पाठ थोपटली! संध्याकाळी मी लेकीपाशी तक्रार केली, ‘‘अगं, इथल्या पोरांना माझं वावडं आहे का? मी दिसले रे दिसले की नाय-नाय म्हणतात.’’ लेक आठव्या महिन्याचं पोट धरून हसायला लागली, इतकी की मलाच काळजी वाटली. ‘नाइनाइ’ म्हणजे चिनी भाषेत आजी. पोरं बिचारी मला आजी म्हणून हाक मारत होती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट २०१८ सालची. आमचे जावई तेव्हा चीनमध्ये सूचौ गावी एका कारखान्यात नोकरीला होते. नकाशावर ह्या गावाचं नाव ‘सुझोउ’ असं लिहिलेलं असतं, पण तिथली माणसं म्हणतात ते आपल्या कानाला सूचौ असंच ऐकू येतं. लेकीचं पहिलं बाळंतपण. तिला लांबच्या प्रवासाची मनाई झाली, तेव्हा ‘‘आपणच जाऊ’’ म्हणून ह्यांनी पासपोर्ट काढले आणि ऑगस्टच्या अखेरीला आम्ही दोघं कऱ्हाडहून निघालो. सामानात कपडे कमी आणि डिंक, अळीव, खारीक, सुंठ, मेतकूटच जास्त. दिवाळी तिथे करून परत आलो, म्हणजे अडीच महिने झाले.

सूचौ हे अडीच हजार वर्षांचं जुनं गाव. शांघायहून वेगवान गाडीने अर्ध्या तासात येतं. गावात जितके रस्ते तितकेच कालवे, घराचं पुढचं दार रस्त्यावर तर मागची पायरी पाण्यात. इ. स. १२२९ मध्ये दगडावर कोरलेला गावाचा नकाशा तिथे जपून ठेवला आहे आणि त्यातले पुष्कळ कालवे आजही जागच्या जागी आहेत. जावयांचं घर मात्र नव्या भागात होतं. १९९४ साली सिंगापूरच्या मदतीने वसवलेली औद्योगिक नगरी ती, वीस-वीस मजल्यांच्या इमारती. लोक सूचौच्या जुन्या बागा बघायला लांबून येतात. आम्हीही पाहिल्या, सुंदरच आहेत. पण बागांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मी सांगणार आहे ते माझ्या फजितीचं, आणि ह्यांच्यावर ओढवता ओढवता राहिलेल्या एका प्रसंगाचं. दोन्हीचं मूळ एकच, चिनी माणसाला ‘हो’ आणि ‘नाही’ कसं म्हणायचं.

निघण्यापूर्वी जावयांनी फोनवरून शिकवलं होतं, ‘‘आई, दोनच शब्द लक्षात ठेवा. ‘शृ’ म्हणजे हो आणि ‘पू’ म्हणजे नाही. निभावेल.’’ मी दोन्ही शब्द वहीत लिहून घेतले. इथे पहिली चूक झाली.

अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, त्यांचा शरदातल्या पौर्णिमेचा सण होता. त्या दिवशी चांदणं बघायचं आणि ‘युएपिंग’ खायचे, म्हणजे आत सारण भरलेले गोल गोल पुडे. दुकानासमोर ही रांग! पदर सुटलेले, खुसखुशीत, गरमागरम पुडे लोक पिशव्या भरभरून नेत होते. मला वाटलं, ह्यांच्यासाठी घ्यावेत. पण सारणात काय असेल? आमच्याकडे हे पक्के शाकाहारी. म्हणून मी लेकीकडून वाक्य पाठ करून गेले होते, ‘‘लीम्येन यौ रौ मा?’’ आत मांस आहे का?

दुकानातल्या बाईने हसून सांगितलं, ‘‘यौ.’’

आता ‘शृ’ आलं असतं तर मी परत फिरले असते. ‘पू’ आलं असतं तर घेतले असते. हे ‘यौ’ कुठून आलं? मला वाटलं, बाई म्हणते आहे, ‘‘या हो, घ्या हो.’’ अशा हसऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? सहा पुडे बांधून घेतले. ह्यांनी दुपारच्या चहाबरोबर अर्धा संपवला, ‘‘खारं सारण आहे, छान आहे’’ असं प्रशस्तिपत्रही दिलं, आणि तेवढ्यात लेक झोपेतून उठून बाहेर आली. डुकराच्या मांसाचे पुडे ही सूचौची खासियत आहे, हे आम्हांला तेव्हा कळलं. पुढचं मी लिहीत नाही. ह्यांनी तीन वेळा चूळ भरली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, एवढं पुरे.

‘यौ’ म्हणजे ‘आहे’. मी विचारलं होतं, ‘मांस आहे का?’ तिने सांगितलं, ‘आहे.’ बाईचं काहीच चुकलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या दारात एक निवृत्त बाई राहत होत्या. रेशमाच्या गिरणीत सगळी नोकरी झालेली, मुलगा-सून शांघायला. लेक त्यांना ‘आयी’ म्हणे. म्हणजे मावशी; तरुण माणसं वडीलधाऱ्या बाईला अशीच हाक मारतात. खरं म्हणजे मी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान, मी ‘ताच्ये’ म्हणजे ताई म्हणायला हवं होतं. पण ‘आयी’ हा शब्द कानाला इतका आपला वाटला, की मीही तेच म्हणू लागले. त्यांनी हसून चालवून घेतलं.

पुड्यांची हकीकत लेकीने त्यांना सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता माझ्या दारावर टकटक केलं, पिशवी घेऊन. चला बाजाराला!

जुन्या सूचौत फंगमन हंगच्ये म्हणून एक अरुंद गल्ली आहे, कालव्याच्या काठाने जाते. तिथला सकाळचा बाजार बघून मी थक्क झाले, कारण तिथे आपला उपासाचा फराळ मांडून ठेवला होता! लालबुंद ओले शिंगाडे. चिखलातून नुकतीच काढलेली कमळकाकडी. आणि दाराच्या पायरीवर ओळीने बसलेल्या म्हाताऱ्या बायका, अंगठ्याला धातूची नखं लावून, टच टच करत कसली तरी गोल बोंडं सोलत होत्या. आतून मोत्यासारखे पांढरे दाणे निघत होते. ते ‘चीथौमी’, म्हणजे आपला मखाणा हो! झाड तेच. आपल्याकडे बिहारातून येतो तो वाळवून, भाजून, फोडलेला. तिथे ओला खातात. साखरेच्या उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवायचा, जास्त शिजवला की चिवट होतो, वरून सुगंधी ‘क्वेह्वा’ची वाळवलेली फुलं चिमूटभर. आयी जास्तीचे दाणे पाण्यासकट लहान लहान पिशव्यांत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवत, वर्षभर पुरत. ज्या पाण्यातल्या आठ भाज्यांचा सूचौकरांना अभिमान आहे, त्यांतल्या तीन आपल्या एकादशीला चालतात. हे मला एकाही प्रवासवर्णनात सापडलं नव्हतं.

तर, दाणे सोलणाऱ्या आजीबाईंनी मला विचारलं, ‘‘याव पू याव?’’

मी वहीतलं आठवून म्हटलं, ‘‘शृ.’’ आजीबाई तोंडाकडे बघत राहिल्या. मग मी आपल्या सवयीने मान डोलवली, आपण डोलवतो तशी, आडवी ना उभी. त्यांनी दाणे परत टोपलीत ओतले! आपलं हे मान डोलावणं तिकडे कोणाला उमगत नाही, ‘नको’ असंच वाटतं. तुम्ही कधी गेलात तर मान मुळीच हलवू नका.

आयींनी मला बाजूला घेतलं. एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. ‘‘याव,’’ म्हणाल्या आणि माझी मूठ मिटली. मूठ उघडून दाणा काढून घेतला, ‘‘पू याव.’’ पुन्हा दाणा, पुन्हा ‘‘याव.’’ एवढंच व्याकरण. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘याव’ म्हणजे हवं. ‘पू याव’ म्हणजे नको. ‘याव पू याव’ म्हणजे हवं की नको? उत्तरं दोन्ही प्रश्नातच वाढून ठेवलेली. आपण एक उचलायचं. ‘शृ’ला तिथे जागाच नव्हती.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, ‘‘अहो, ही भाषा आपल्यासारखीच आहे.’’ आणि खरंच, विचार करून बघा. सासूबाई विचारायच्या, ‘‘जेवलीस का गं?’’ आपण काय म्हणायचो? ‘‘जेवले.’’ ‘‘नळाला पाणी आलं का?’’ ‘‘आलं.’’ ‘‘दूध तापवलंस?’’ ‘‘तापवलं.’’ ह्यात ‘हो’ कुठे आहे? ज्या क्रियापदाने प्रश्न विचारला तेच उचलून परत द्यायचं. चिनी माणूस नेमकं हेच करतो, फक्त तो नेहमी करतो आणि आपण अधूनमधून. शाळेत इंग्रजी शिकल्यापासून ‘यस’ आणि ‘नो’ आपल्या डोक्यात बसले आणि आपल्याला वाटायला लागलं, की प्रत्येक भाषेत असे दोन शिक्के असतातच.

आपला ‘का’सुद्धा त्यांच्याकडे आहे. ‘तू येणार का?’ मधला ‘का’ वाक्याच्या शेवटी, तसा त्यांचा ‘मा’. ‘‘नी लाय मा?’’ तू येतेस का? उत्तर ‘‘लाय’’, येते. किंवा ‘‘पू लाय’’, नाही येत. ‘‘छृ ल मा?’’ जेवलात का? तिथली जुनी माणसं दारात भेटल्यावर हेच विचारतात, आपल्या ‘जेवण झालं का?’सारखं. उत्तर ‘‘छृ ल’’, जेवले. ‘ना’ही आहे: ‘येणार ना?’ मधला ‘ना’ म्हणजे त्यांचा ‘पा’. हा ‘पा’ लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

जावयांचं ‘शृ’ अगदीच खोटं नव्हतं. ‘शृ’ म्हणजे ‘असणं’, पण अमुक एक म्हणजे तमुक, एवढ्यापुरतंच. ‘‘तुम्ही भारतीय आहात का?’’ ह्या प्रश्नात ‘शृ’ असतो, म्हणून उत्तर ‘‘शृ.’’ नसाल तर ‘‘पू शृ’’, म्हणजे आपलं ‘नव्हे’! ‘पू याव’ म्हणजे ‘नको’ आणि ‘मेइयौ’ म्हणजे ‘जवळ नाही, नसणे’. इंग्रजीत ह्या सगळ्याला एकच ‘नो’. हिंदीतही ‘नको’ला एका शब्दाचा जोड नाही. आपल्याला मात्र हे भेद जन्मापासून येतात. मी तर लेकीला म्हटलं, तू इंग्रजीतून चिनी शिकलीस म्हणून तुला वर्ष लागलं, मराठीतून शिकली असतीस तर सहा महिन्यांत झालं असतं. तिने नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

उच्चारातही आपला फायदा होतो. चिनीत दोन ‘च’ आहेत, ‘चमच्या’तला आणि ‘चिमणी’तला. हिंदी माणसाला पहिला जमत नाही, आपण तो घेऊनच जन्माला येतो. सुरांचं मात्र कठीण. ‘माय’ खालून वर उचलला तर विकत घेणं, वरून खाली टाकला तर विकणं. मी बाजारात दोन महिने काय करत होते, देव जाणे.

एक खाचखळगा सांगून ठेवते. नाही म्हणताना दोन वेगळे शब्द लागतात. करत नाही, करणार नाही, करायचं नाही, ह्याला ‘पू’. केलंच नाही, झालंच नाही, ह्याला ‘मेइ’. ‘‘पू छृ’’ म्हणजे मी हे खात नाही. ‘‘मेइ छृ’’ म्हणजे खाल्लं नाही अजून, भूक लागली आहे! शेजारणीकडे गेलात आणि ‘पू’ऐवजी ‘मेइ’ म्हणालात तर ताट पुढे येईल. आणि ‘यौ’च्या पुढे ‘पू’ कधीच चालत नाही, तिथे ‘मेइ’च.

आग्रहाची रीत मात्र आपल्यासारखीच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमची नात जन्मली. आयी दुसऱ्याच दिवशी वाडगा घेऊन हजर, काकवीच्या रंगाच्या तांबड्या साखरेच्या पाण्यात उकडलेली अंडी. बाळंतिणीला द्यायची त्यांची पद्धत. त्यांच्याकडे बाळंतपणाच्या महिन्याला ‘महिनाभर बसणं’ म्हणतात, आणि नियम कोणते? गार पाण्यात हात घालायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, डोकं झाकायचं. माझ्या आजीने सांगितल्यासारखे! लेक दोन्हीकडून कोंडीत सापडली. मी डिंकाचे लाडू दिले तेव्हा आयी म्हणाल्या, ‘‘पू युंग, पू युंग.’’ म्हणजे ‘कशाला, गरज नाही.’ घेणाऱ्याने एकदम ‘पू याव’ म्हटलं तर ते तोंडावर फेकल्यासारखं होतं. ‘पू युंग’ म्हणायचं आणि दोनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा त्यांनी घेतले. पुढच्या आठवड्यात डबा रिकामा परत आला नाही, त्यात ओल्या मखाण्याची एक पिशवी होती. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हेही त्यांना कोणी शिकवायला लागलं नव्हतं.

आयी आपल्या बहिणीशी बोलत ती मात्र वेगळीच बोली, खास सूचौची. इतकी मऊ, की चीनमध्ये म्हण आहे: निंगपोच्या माणसाशी गप्पा मारण्यापेक्षा सूचौच्या माणसाशी भांडलेलं बरं. त्या बोलीत ‘मा’ नाही. प्रश्न विचारताना क्रियापदाच्या आधी एक तुटका ‘अ’ लावतात. आणि ‘नको’साठी त्यांनी दोन शब्दांचा मिळून एकच शब्द केलाय, लिहितानाही दोन अक्षरं एकात कोंबून एक अक्षर. उत्तर मात्र तिथेही तेच, क्रियापद परत करा.

लेकीच्या मुलीची मी आजी, म्हणून मी ‘नाइनाइ’ नव्हे. नाइनाइ म्हणजे वडिलांची आई. आईची आई ती ‘वायफो’. ‘वाय’ म्हणजे बाहेर. बाहेरची आजी! बाळंतपण करायला दोन डोंगर आणि एक समुद्र ओलांडून मी गेले, आणि बाहेरची मीच. ते असो. जुने सूचौकर आजीला ‘हावफो’ म्हणतात, म्हणजे चांगली आजी. मी नातीला तेच शिकवायचं ठरवलं.

आता ती दुसरी गोष्ट.

आयींकडून मी आणखी एक शब्द उचलला होता, ‘त्वे’. म्हणजे ‘बरोबर’. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही मांस नाही ना खात?’’ आणि माझ्याकडून उत्तर घोकून घेतलं, ‘‘त्वे, पू छृ.’’ बरोबर, नाही खात. हा ‘त्वे’ मला फार आवडला. तोंडात बसायला सोपा, आणि कुठेही टाकला तरी समोरचा खूश होतो. हळूहळू मी मागचं ‘पू छृ’ सोडून दिलं आणि नुसतं ‘त्वे, त्वे’ करायला लागले. मला ‘हो’ सापडला होता ना शेवटी!

नात तीन आठवड्यांची झाली तेव्हा ह्यांची दाढ सुजली. गाल टम्म, अंगात ताप. जावई कामासाठी दुसऱ्या गावी गेलेले, लेक बाळंतीण. आयी म्हणाल्या, मी नेते. ह्यांना पेनिसिलिन चालत नाही. वीस वर्षांपूर्वी कऱ्हाडला एका इंजेक्शनाने अंगभर गांधी उठल्या होत्या, घशाला सूज येऊन श्वास कोंडला होता. त्या रात्रीची आठवण आली की अजून माझे पाय गार पडतात. तेव्हापासून ह्यांच्या कागदांवर आमचे डॉक्टर लाल शाईने लिहून ठेवत. लेकीने मला दोन शब्द देवनागरीत लिहून दिले, ‘छिंगमेइसू’ म्हणजे पेनिसिलिन आणि ‘क्वोमिन’ म्हणजे ॲलर्जी असणं. वर बजावलं, ‘‘आई, ॲमॉक्सिसिलिनही नको. ते त्याच घरातलं.’’

दवाखान्यात सगळं भराभर चाललं होतं. दाढेचा फोटो काढायचा होता, त्याचे पैसे भरायला आयी खाली गेल्या. आम्ही दोघं आणि ती तरुण डॉक्टरीण. तिने संगणकावरून डोळे न काढता विचारलं, ‘‘छिंगमेइसू पू क्वोमिन पा?’’

दोन्ही शब्द मला ओळखू आले! इतका आनंद झाला म्हणता! मी मोठ्याने म्हटलं, ‘‘त्वे, त्वे!’’ मनात काय, तर ‘हो हो, आहे, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.’

तिने मान डोलावली आणि टकटक लिहायला लागली. मी समाधानाने ह्यांच्याकडे पाहिलं. पण काहीतरी खुपत होतं. आजवर ज्या डॉक्टरांना हे सांगितलं, ते थांबले होते, भुवया वर गेल्या होत्या, काय झालं होतं, किती सालची गोष्ट, असं विचारलं होतं. ही बाई थांबलीच नाही. आणि लिहिता लिहिता ती स्वतःशीच पुटपुटली, ‘‘आमोशीलिन.’’

आमोशीलिन. अमावास्येचं काहीतरी असावं तसा शब्द. दोनदा मनात म्हटला आणि माझ्या अंगातून शिरशिरी गेली. ॲमॉक्सिसिलिन!

मग तिचा प्रश्न मला उलगडला. शेवटी ‘मा’ नव्हता, ‘पा’ होता. मधे ‘पू’ होता. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना?’ आणि मी म्हटलं होतं, ‘बरोबर, बरोबर.’ मराठीत ‘ॲलर्जी नाही ना?’ असं विचारल्यावर आपण ‘हो’ म्हणून मोकळे होतो का? आपण ठणकावून म्हणतो, ‘‘आहे!’’ मी उठून उभी राहिले, ह्यांच्या छातीवर हात ठेवला आणि ओरडले, ‘‘क्वोमिन! छिंगमेइसू, क्वोमिन!’’

आता ती थांबली. खुर्ची वळवली. एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, ‘‘यौ मेइयौ क्वोमिन?’’ आहे की नाही?

‘‘यौ,’’ मी म्हटलं. दुकानातल्या बाईचाच शब्द. ‘‘यौ. यौ.’’

तिने लिहिलेलं सगळं पुसलं. वरच्या चौकटीत लाल अक्षरं उमटली, तेवढं मला दिसलं आणि मी खाली बसले. आयी पावती घेऊन वर आल्या तेव्हा मी रडत होते आणि हे, ज्यांना ह्यातलं अक्षर कळलं नव्हतं, मला विचारत होते, ‘‘दाढ माझी दुखते आहे, तू का रडतेस?’’

डॉक्टरीणबाईंचा दोष मी मानत नाही. प्रश्न सरळ होता, उत्तर माझं चुकलं. पण तेव्हापासून मी एक करते, आणि तुम्हांलाही सांगते. परक्या मुलखात जाताना घरातल्या प्रत्येकाला कोणतं औषध चालत नाही ते त्या देशाच्या लिपीत, जाणत्याकडून, एका कार्डावर लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. देवनागरीतला कागद आपल्या उपयोगाचा, डॉक्टरच्या नव्हे. आणि नकारी प्रश्न कानावर आला, तो मराठीत का असेना, तर ‘हो’, ‘नाही’, ‘बरोबर’ ह्यांतलं काहीच म्हणू नका. पूर्ण बोला. आहे. नाही. खातो. खात नाही.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. दारात टॅक्सी उभी, आयी नातीला घेऊन उभ्या. त्यांनी मला विचारलं, ‘‘लाय पू लाय?’’ पुन्हा येणार की नाही? मी म्हटलं, ‘‘लाय.’’

२०२०च्या जानेवारीत लेक-जावई नातीच्या बोरन्हाणासाठी कऱ्हाडला आले, पंधरा दिवसांच्या रजेवर. तेवढ्यात ती साथ आली. मार्चअखेर चीनने परदेशी लोकांना दार बंद केलं आणि ह्यांना परत जाताच आलं नाही. घराची किल्ली आयींकडे होती. त्यांनी झाडांना पाणी घातलं, भाड्याचं घर सोडायची वेळ आली तेव्हा एकटीने सगळा संसार खोक्यांत बांधला, नातीची दुपटीसुद्धा घडी करून. रोज फोनवर त्यांचा आवाज यायचा, ‘‘छृ ल मा?’’ आणि मी उत्तर द्यायची, ‘‘छृ ल.’’ जूनच्या अखेरीला आपल्याकडे ते चिनी ॲप बंद झालं आणि तो आवाजही थांबला. जावयांनी पुण्याला नोकरी धरली.

मागच्या वर्षी लेकीच्या सूचौतल्या एका मैत्रिणीने ईमेलवर आयींचा निरोप पाठवला. प्रकृती बरी आहे, गुडघे दुखतात, मखाणा यंदा महाग आहे. शेवटी एक वाक्य होतं, लेकीने वाचून दाखवलं. ‘‘पू लाय ल पा?’’ आता नाही ना येणार?

लेकीने विचारलं, ‘‘काय कळवू?’’

मी म्हटलं, ‘‘एकच शब्द लिही. लाय.’’ पासपोर्टची मुदत संपली आहे, त्याचा अर्ज ह्यांनी भरून ठेवला आहे. ह्या खेपेला ते कार्ड दोघांच्याही पाकिटात असेल, आणि सामानात डिंकाच्या लाडवांचा तोच डबा.